गोंगाट एक, कपाटं चार: अनेक शाखांत विखुरलेलं संशोधन कसं शोधायचं, कसं वाचायचं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलामागे मी बसते. समोर येणारे संशोधक विद्यार्थी ढोबळमानाने दोन तक्रारी घेऊन येतात. "मॅडम, माझ्या विषयावर काही कामच झालेलं नाही," ही पहिली. "मॅडम, अडीच लाख रिझल्ट आलेत, आता काय करू?" ही दुसरी. गंमत म्हणजे दोघांनी केलेलं असतं एकच: गुगल स्कॉलरच्या चौकटीत दोन शब्द टाकून एंटर दाबलेलं असतं.

विषय एकाच शाखेतला असेल तर एवढ्यावरही कसंबसं निभावतं, उरलेलं गाईड सांगतात. पण विषय शाखांच्या सीमेवरचा असला की गाईडनाही त्यातलं अर्धंच ठाऊक असतं. म्हणून इथे एकच विषय हातात घेते आणि गणित, इलेक्ट्रॉनिक्स, आर्किटेक्चर, वैद्यक या चारही ठिकाणी तो कसा धुंडाळायचा ते दाखवते. विषय आहे रुग्णालयाच्या वॉर्डातला गोंगाट.

हाच का? छत आणि भिंती कशाच्या आहेत यावर आवाज किती घुमणार ते ठरतं, हे आर्किटेक्चर. पेशंटच्या उशाशी मॉनिटर दिवसरात्र टिंगटिंग करत असतो, हे इलेक्ट्रॉनिक्स. त्यानं झोप किती उडते, म्हातारी माणसं रात्री बरळू लागतात का, हे वैद्यक. आणि डेसिबल हे मापच लॉगॅरिदमचं, त्यामुळे गणित टाळून पुढे जाता येत नाही.

आधी प्रश्न

"वॉर्डातला गोंगाट" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय शोधायला गेलात तर ढीग मिळतो. वैद्यकवाल्यांची एक सवय इथे चारही शाखांनी उचलावी अशी आहे. ते प्रश्नाचे चार तुकडे करतात: पेशंट कोण, केलं काय, तुलना कशाशी, आणि परिणाम कोणता मोजला. याला ते पिको म्हणतात. आपला प्रश्न त्यात बसवून बघा: हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागातले पेशंट, छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स, तुलना आवाज परतवणाऱ्या छताशी, आणि परिणाम म्हणजे झोप व पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण. हे वाक्य मी मनानं रचलेलं नाही, एका खऱ्या पेपरचं आहे. तो पुढे येईलच.

प्रश्न एका वाक्यात लिहून होत नसेल तर शोधाला बसू नका. चहा प्या, गाईडना भेटा, परत लिहा.

शब्दांचा तक्ता

माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत जास्त वेळ इथे गेला पाहिजे, आणि नेमका इथेच कुणी देत नाही.

एक कोरा कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा. प्रत्येक शाखेत तुमच्या गोष्टीला काय म्हणतात ते त्या त्या रकान्यात लिहायचं. "नॉइज" हाच शब्द घ्या. आयट्रिपलई एक्सप्लोरमध्ये (इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरांचं ऑनलाइन कोठार) "हॉस्पिटल नॉइज" टाकलंत की ईसीजीच्या सिग्नलमध्ये घुसलेला विद्युत नॉइज गाळून कसा काढायचा यावरचे पेपर समोर येतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला नॉइज म्हटलं की सर्किटमधली खरखर आठवते, वॉर्डातली नाही. गणितात नॉइज म्हणजे यादृच्छिक प्रक्रिया, व्हाइट नॉइज वगैरे. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकाच्या पेपरांच्या सूचीत, हाच शब्द टाकला तर एमआरआयच्या चित्रातल्या नॉइजपासून कारखान्यातल्या बहिरेपणापर्यंत सगळं येतं. आर्किटेक्चरमध्ये हल्ली "साउंडस्केप" म्हणायची चाल आहे. माणसाला ऐकू येणारा, त्याला जाणवणारा ध्वनीपरिसर असा तिचा अर्थ आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 12913 क्रमांकाच्या मानकाच्या पहिल्या भागात 2014 साली पक्का झाला. साउंडस्केपवर काम करणारा माणूस शीर्षकात "नॉइज" घालेलच असं नाही, म्हणजे तुमच्या शोधात तो येणारच नाही.

तेव्हा रकाने साधारण असे भरतील. वैद्यकात: अलार्म फटिग (अलार्म इतके वाजतात की त्यांच्याकडे लक्षच जात नाही), डेलिरियम, स्लीप डिप्रायव्हेशन, इंटेन्सिव्ह केअर युनिट. आर्किटेक्चरमध्ये: रिव्हर्बरेशन टाइम (आवाज घुमण्याचा काळ), अकूस्टिक सीलिंग, सिंगल रूम, एव्हिडन्स-बेस्ड डिझाइन. इलेक्ट्रॉनिक्समध्ये: फॉल्स अलार्म रिडक्शन, फिजिऑलॉजिकल मॉनिटरिंग, सेन्सर नेटवर्क. गणितात: चेंज पॉइंट डिटेक्शन, पॉइंट प्रोसेस, आणि खोलीत ध्वनीच्या लहरी कशा पसरतात हे बघायचं असेल तर हेल्महोल्ट्झ समीकरण.

हे शब्द डोक्यातून काढायचे नाहीत. त्या शाखेतला एक चांगला पेपर घ्यायचा आणि त्याचं शीर्षक, गोषवारा, कीवर्ड यांतले शब्द पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. मग दुसरा, मग तिसरा. सलग दोनतीन पेपरांत एकही नवा शब्द मिळाला नाही की त्या शाखेचा रकाना भरला असं धरायला हरकत नाही.

दोन बारकावे. "अलार्म फटिग" असे जोडशब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर दोन्ही शब्द वेगवेगळे कुठेतरी आलेले पेपर येतात. आणि एका रकान्यातले समानार्थी शब्द "ऑर"नं जोडा, वेगवेगळे तुकडे "अँड"नं. ऑर आणि अँड मोठ्या लिपीत, कंस विसरायचे नाहीत. कंस विसरलेली शोधवाक्यं मी रोज बघते.

चार दारं

गुगल स्कॉलर वापरू नका असं मी म्हणत नाही. सुरुवातीला आणि शेवटी ते उपयोगी पडतं. पण प्रत्येक शाखेचं स्वतःचं दार आहे आणि आत जायचं ते तिथूनच.

वैद्यकाचं दार सर्वांत नीट लावलेलं आहे. पबमेड हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, 1996 पासून चालू, पूर्ण मोफत, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी. त्याची खरी ताकद "मेश" नावाच्या विषयशब्दांच्या यादीत आहे. लेखकानं काहीही शब्द वापरलेला असो, मेडलाइनमधल्या (पबमेडचा मुख्य संग्रह) पेपरांना ठरलेले मेश शब्द लावलेले असतात. आपल्या कामाचे मेश शब्द: "नॉइज", "क्लिनिकल अलार्म्स", "इंटेन्सिव्ह केअर युनिट्स", आणि "हॉस्पिटल डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन". हा शेवटचा बघून आर्किटेक्चरच्या मुली हमखास चमकतात. वैद्यकाच्या कोठारात आपल्या इमारतींसाठी वेगळा कप्पा असेल, हे कुणी सांगितलेलंच नसतं. "नॉइज" आणि हा शब्द "अँड"नं जोडा आणि काय येतं ते स्वतः बघा. एक लक्षात ठेवा: पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना मेश शब्द लागलेले नसतात, म्हणून साध्या शब्दांचा शोधही सोबत चालवावा लागतो.

पबमेडनंतर कोक्रेन लायब्ररी. एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र चाळून काढलेला निष्कर्ष तिथे मिळतो. अतिदक्षता विभागात औषधांशिवाय झोप कशी सुधारता येईल (कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, संगीत) यावर 2015 चा आढावा आहे. वाचलात तर कळेल की पुराव्याचा दर्जा त्यांनी कमी किंवा अतिशय कमी असाच ठरवला आहे. "यावर कामच झालेलं नाही" आणि "काम झालंय पण भक्कम नाही" यांत फार फरक आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तो फरक दिसला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयट्रिपलई एक्सप्लोर. इथे परिषदांतले पेपर भरपूर असतात आणि या शाखेत त्यांना मान आहे. मात्र तेच काम आधी परिषदेत चार पानी आणि वर्षादोन वर्षांनी जर्नलमध्ये बारा पानी छापून आलेलं असतं. लेखकांची नावं आणि आलेख जुळवून बघा, दोन वेगळे पुरावे म्हणून मोजू नका. आणखी एक जागा लोक विसरतात ती मानकांची. वैद्यकीय उपकरणांचे अलार्म कसे असावेत हे आयईसी या विद्युत-उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या 60601-1-8 मध्ये लिहिलेलं आहे, ध्वनीपातळी मोजणारं यंत्र कसं असावं हे आयईसी 61672 मध्ये. पेपरात "मॉनिटर फार वाजतो" असं लिहिण्याआधी तो तसा वाजायला कुणी सांगितलंय ते बघायला नको का?

गणितासाठी झेडबीमॅथ ओपन ही सूची. 2021 पासून ते मोफत झालं, ही आपल्याकडच्या महाविद्यालयांसाठी फार चांगली गोष्ट झाली. तिथे पेपरांवर वर्गांक असतात. क्यूइंग थिअरीचा (रांगांच्या गणिताचा) 60K25, हेल्महोल्ट्झ समीकरणाचा 35J05. वर्गांकानं शोधलंत की शब्दांच्या कटकटीतून सुटका. जोडीला अर्काइव्ह (arXiv), जिथे छपाईआधीचे मसुदे मिळतात. गणितात पेपर तपासून छापून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, म्हणून गणितज्ञ एकमेकांचे मसुदेच वाचतात. पण वैद्यकातला मसुदा तेवढ्याच विश्वासानं उचलू नका.

आर्किटेक्चरचं दार मात्र किलकिलंच असतं. कोलंबिया विद्यापीठाची एव्हरी इंडेक्स ही या शाखेतली जुनी सूची, पण ती वर्गणी भरलेल्या ठिकाणीच मिळते. रुग्णालयांच्या रचनेपुरतं बोलायचं तर "हेल्थ एन्व्हायर्न्मेंट्स रिसर्च अँड डिझाइन" हे जर्नल पहिल्यांदा चाळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आर्किटेक्चरमधलं कितीतरी ज्ञान पेपरांत नसतंच. ते नकाशांत, छेदचित्रांत, नियमावल्यांत आणि कपाटात पडून राहिलेल्या प्रबंधांत असतं. नॅशनल बिल्डिंग कोडच्या 2016 च्या आवृत्तीत आठव्या भागाचा चौथा विभाग ध्वनीवरच आहे. भारतीय प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा आहे. पण एम.आर्क.चे प्रबंध तिथे मिळत नाहीत, ते त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊनच बघावे लागतात. जुन्या सरकारी इस्पितळांचे कागद हवे असतील तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. गाईडचं पत्र सोबत न्या आणि एका दिवसात काम होईल अशी आशा धरू नका.

एका पेपरवरून दुसऱ्यावर

शब्दांनी शोधून जेवढं मिळतं त्याहून जास्त साखळीनं मिळतं. साखळीला दोन दिशा. मागे जायचं असेल तर पेपरच्या शेवटची संदर्भसूची. पुढे यायचं असेल तर गुगल स्कॉलरमधलं "सायटेड बाय", म्हणजे त्या पेपरचा हवाला देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी.

करून दाखवते. 1984 साली रॉजर उलरिच यांनी "सायन्स"मध्ये एक छोटासा पेपर लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांच्या 1972 ते 1981 मधल्या नोंदी त्यांनी काढल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे जुळवून 23 जोड्या लावल्या. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

या पेपरात आवाजाचा मुद्दाच नाही. पण त्याच्या "सायटेड बाय"वर टिचकी मारून आतल्या शोधात "अकूस्टिक" टाका, किंवा उलरिच यांचीच पुढची कामं बघा. 2005 साली "इंटरनॅशनल जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी"मध्ये आलेला हेगरमन आणि सहकाऱ्यांचा पेपर सापडतो, त्यात उलरिच सहलेखक आहेत. स्वीडनमधल्या हुडिंगे इथल्या रुग्णालयात हृदयरोग अतिदक्षता विभागाच्या छताच्या टाइल्स बदलल्या: काही आठवडे आवाज परतवणाऱ्या, काही आठवडे शोषणाऱ्या. पेशंट 94. सुरुवातीला पिको म्हणून लिहिलेलं वाक्य या पेपरचं. छतावरचा प्रयोग आणि तो छापून आला हृदयरोगाच्या जर्नलमध्ये! आर्किटेक्चरच्या सूचीत बसून जन्मभर शोधलं असतं तरी हाताला लागला नसता.

दुसरी साखळी. 2005 मध्येच "जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका"त जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या आवाजाचा अभ्यास आला. मुख्य लेखिका आयलीन बुश-विश्निॲक, आणि लेखकांत जेम्स वेस्ट. हे तेच वेस्ट, ज्यांनी 1962 साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर यांच्यासोबत इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना एकदम हा विषय आपला वाटू लागतो. लेखकाच्या नावावरून पुढे गेलात तर 2007 चा पेपर मिळतो: त्याच रुग्णालयाच्या कर्करोग विभागात फायबरग्लासचे पॅनल जंतुरोधक कापडात गुंडाळून छताभिंतींना लावले, आवाजाची पातळी 5 डेसिबलनं उतरली आणि घुमण्याचा काळ निम्म्याहून खाली आला.

मागच्या दिशेनं गेलात तर घुमण्याच्या काळाची साखळी हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांच्यापर्यंत जाते. 1895 च्या सुमारास फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून त्यांनी प्रयोग केले. वाटेत मानफ्रेड श्रोडर भेटतात. 1965 मध्ये त्यांनी हा काळ मोजायची नवी रीत दिली, आणि पुढे ध्वनी विखुरणारे पृष्ठभाग घडवायला चक्क नंबर थिअरीतले, म्हणजे संख्यासिद्धांतातले, वर्गशेष वापरले. गणिताचा विद्यार्थी "माझा काय संबंध" म्हणाला तर त्याला श्रोडर वाचायला द्यावेत.

वाचताना कुठे थांबायचं

प्रत्येक शाखेचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचायचा नसतो. वैद्यकाचा असेल तर गोषवाऱ्यानंतर थेट पद्धतीच्या भागावर जा: पेशंट कसे निवडले, कुणाला वगळलं. उलरिच यांचाच पेपर बघा. झाडांना पानं असतात त्या मे ते ऑक्टोबरच्या काळातलेच पेशंट त्यांनी घेतले होते. हे पद्धतीच्या भागात आहे, आणि "खिडकीनं पेशंट बरे होतात" असं ठोकून देणाऱ्या लेखांत कधीच नसतं. फरक पाऊण दिवसाचा, जोड्या 23, शस्त्रक्रिया एकच. पेपर चांगलाच आहे, पण त्याच्या खांद्यावर किती भार टाकायचा ते आपण ठरवायचं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात आधी आकृत्या आणि तक्ते बघा, मग डेटा कुठून आला ते. अलार्मच्या विषयात एक पेपर जरूर वाचा: बार्बरा ड्रू आणि सहकाऱ्यांचा, "प्लॉस वन"मधला, 2014 चा, मोफत मिळतो. 77 खाटा, 31 दिवस, 461 पेशंट आणि 25 लाखांहून जास्त अलार्म. त्यांतले हृदयगतीच्या बिघाडाचे 12,671 अलार्म माणसांनी तपासले, तर 88.8 टक्के खोटे निघाले. आता हा 88.8 चा आकडा सगळे उचलतात आणि "88.8 टक्के अलार्म खोटे" असं लिहून मोकळे होतात. तो सगळ्या अलार्मांचा नाही, तपासलेल्या एका प्रकाराचा आहे. टक्केवारी दिसली की "कशाच्या किती टक्के" हे समासात लिहा.

आर्किटेक्चरच्या पेपरात नकाशा आणि छेदचित्र मजकुराच्या आधी. छताची उंची किती, वॉर्ड लांबट की चौकोनी, नर्सचं टेबल कुठे. परदेशातले बरेच पेपर एकाच पेशंटची खोली गृहीत धरतात. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात तीसेक खाटा, प्रत्येक खाटेपाशी नातेवाईक, छताला जुने पंखे आणि फरशीवरून खडखडत जाणारी स्ट्रेचर. तिथले आकडे इथल्या वॉर्डाला चिकटवायचे नसतात. पण हीच तुमची जागा आहे, प्रबंध इथेच उभा राहतो.

आणि गणित. इथे थोडं बसून करायला लागेल. समजा अर्धा तास आवाज 50 डेसिबल होता आणि पुढचा अर्धा तास 70. तासाची सरासरी किती? एक्सेल सांगेल 60. चूक. डेसिबल लॉगॅरिदममध्ये असल्यामुळे आधी ऊर्जेत जायचं: 50 म्हणजे 10 चा पाचवा घात, एक लाख. 70 म्हणजे सातवा घात, एक कोटी. दोन्हींची सरासरी साडेपन्नास लाख. त्याचा लॉगॅरिदम घेऊन 10 नं गुणलं की 67. साठ आणि सदुसष्ट यांत ऊर्जेचा पाचपट फरक आहे. म्हणून पेपरात "सरासरी पातळी" दिसली की ती एलएईक्यू, म्हणजे ऊर्जेची सरासरी आहे की मोजलेल्या आकड्यांची नुसती बेरीज-भागाकार, ते शोधा. पेपरात हे लिहिलेलंच नसेल तर त्यातला आकडा तुलनेला घेऊ नका.

हे हातात असलं की हॉपकिन्सचा 2005 चा पेपर वेगळा दिसतो. त्यात जगभरच्या रुग्णालयांतली जुनी मोजमापं एकत्र मांडली आहेत: दिवसाची पातळी 1960 मध्ये 57 डेसिबल, 2005 पर्यंत 72. रात्रीची 42 वरून 60. पंधरा डेसिबल म्हणजे ऊर्जा सुमारे 32 पट. पण ती रेषा एकाच वॉर्डात चाळीस-पंचेचाळीस वर्षं यंत्र ठेवून काढलेली नाही. निरनिराळी रुग्णालयं, निरनिराळी यंत्रं, त्यांच्यामधून ओढलेली आहे. दोन्ही गोष्टी लिहा. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेचा 1999 चा वॉर्डासाठीचा 30 डेसिबलचा आकडा आणि आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले शांतता क्षेत्राचे दिवसा 50, रात्री 40 हे आकडे ठेवा. मात्र पहिला खोलीच्या आतला आहे आणि दुसरा रुग्णालयाभोवतीच्या परिसराचा, हे विसरून तुलना केलीत तर परीक्षक तिथेच पकडतील.

पीडीएफ मिळवणं

2025 च्या जानेवारीपासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" सुरू झालं आहे. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळतात. तुमची संस्था त्यात असेल तर लॉगिन ग्रंथालयातून घ्या. महाविद्यालय खासगी असेल तर आधी मोफत प्रत शोधा: गुगल स्कॉलरमध्ये "ऑल व्हर्जन्स", पबमेड सेंट्रल, ब्राउझरमध्ये अनपेवॉल (मोफत प्रत शोधून देणारी जोडणी). नाहीच मिळाली तर लेखकाला चार ओळींचा ईमेल. पेपरचं शीर्षक, तुम्ही कोण, कशासाठी हवा. लेखक बहुतेक वेळा पाठवतात, कुणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद असतो. मोठे साहित्यिक नमस्कार-चमत्कार नकोत.

नोंदी

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, आणि एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तो लाल पट्टीनं सांगतो. मागे घेतलेले पेपर ही काल्पनिक भीती नाही. 22 मे 2020 ला "लॅन्सेट"मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आलेला पेपर 4 जूनला मागे घेतला गेला, कारण त्याच्या डेटाची खातरजमाच होईना. एवढ्या नामांकित जर्नलचं हे, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

झोटेरोशिवाय एक साधा तक्ता एक्सेलमध्ये ठेवा: पेपर, शाखा, जागा, काय मोजलं, कसं मोजलं, निष्कर्ष, आणि शेवटी "मला पटलं का". शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. आणि प्रत्येक शोधाची तारीख, ठिकाण, पूर्ण शोधवाक्य आणि किती नोंदी आल्या हे त्याच वेळी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी गाईड विचारतातच.

चॅटबॉटकडून शब्दांच्या तक्त्यासाठी समानार्थी शब्द जरूर मागा, त्यात तो बरा आहे. संदर्भ मात्र मागू नका. खरं वाटेल असं शीर्षक, खऱ्या लेखकाचं नाव आणि जगात कुठेही नसलेला पेपर, असं मिश्रण घेऊन मुलं माझ्याकडे "मॅडम, हा मिळवून द्या" म्हणत येतात. डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून पेपर उघडला तरच तो पेपर.

मोजायला जाण्याआधी

वाचून झालं की हात शिवशिवतात, यंत्र घेऊन वॉर्डात शिरावंसं वाटतं. त्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज. "आम्ही फक्त आवाज मोजणार, पेशंटला हातही लावणार नाही" हे खरं असलं तरी सूट आहे की नाही ते कमिटी ठरवते, आपण नाही. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: बोलणं रेकॉर्ड होणार का? डॉक्टर पेशंटला काय सांगतात ते तुमच्या मेमरी कार्डावर आलं तर प्रकरण वेगळं होतं. म्हणून फक्त पातळीचे आकडे साठवणारं, ध्वनी न साठवणारं यंत्र घ्या आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. छत बदलून किंवा कानात बोळे देऊन पेशंटांवरचा परिणाम बघणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी करा. एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंद करता येत नाही.

मोबाइलमधलं ॲप चालत नाही. इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्लास 1 किंवा क्लास 2 (अचूकतेचे वर्ग) चं मीटर असतंच, विभागप्रमुखांच्या सहीनं मागून घ्या, आणि सोबत कॅलिब्रेटर मागायला विसरू नका. तो 1000 हर्ट्झला 94 डेसिबलचा स्थिर आवाज देतो. मोजणी सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा मीटर त्याला लावा, दोन्ही आकडे वहीत लिहा. दोहोंत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवसाची मोजणी बाजूला ठेवा आणि परत जा.